खोली 43, प्रोसेसर 100

ग्वाल्हेरचं लष्कर म्हणजे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वसलेलं गाव. इथल्या जुन्या घरांची छतं दगडी पट्ट्यांची आहेत. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, दिवसभर लू चालते आणि तापलेली पट्टी रात्री जेवणं आटोपली तरी खाली धग सोडत असते. अशाच एका घरात आमच्या शेजारचे काका जुन्या गाण्याच्या बैठकींच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेतात. टेप लावायची, आवाज भरून घ्यायचा, मग खरखर काढायची. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या बैठकी आहेत, दुसरी प्रत कुणाकडेच नाही.

गेल्या मेमध्ये काकांनी मला बोलावलं. "अगं, हा दुपारी हमखास बंद पडतो. सकाळी सहाला बसलं तर काही होत नाही. दुपारी खरखर काढायला लावलं की दहा मिनिटांत पडदा काळा."

त्याआधी त्यांनी तो एका दुकानात दाखवला होता. तिथे एसीमध्ये संध्याकाळभर नीट चालला. तरी "मदरबोर्ड गेलाय, नवा सेट घ्या" असं सांगून परत पाठवलं. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी. मला याचा फार राग आला, कारण दुखणं खुद्द काकांनीच अचूक सांगितलं होतं: सकाळी चालतो, दुपारी नाही. हलकं काम चालतं, जड काम नाही. या दोन वाक्यांत निदान जवळपास झालेलं आहे. ते कसं, हे समजलं तर अशा वेळी तुम्हाला कुणी उगाच नवा सेट घ्यायला लावणार नाही.

सुरुवात विजेपासून करू. पंखा वीज घेतो आणि फिरतो, दिवा वीज घेतो आणि उजेड देतो. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची सगळी आकडेमोड करणारा भाग, काही उचलत नाही की फिरवत नाही. त्यात कोट्यवधी सूक्ष्म बटणं सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात, आणि त्यासाठी घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. काकांच्या कॉम्प्युटरात इंटेलचा सातव्या पिढीतला कोअर आय-फाइव्ह 7400 आहे. पूर्ण कामावर असताना त्याची उष्णता 65 वॅट धरतात, म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या 60 च्या बल्बएवढी. आकडा किरकोळ वाटतो. पण ही उष्णता निघते केवढ्या जागेतून ते बघा. वरून दिसतं ते चौकोनी धातूचं झाकण. खरी चिप त्याच्या पोटात, साधारण सव्वा चौरस सेंटिमीटरची, अंगठ्याच्या नखाएवढी.

आता इस्त्रीशी तुलना करा. हजार वॅटची इस्त्री, तळ अंदाजे 200 चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला 5 वॅट. प्रोसेसरच्या एका चौरस सेंटिमीटरमधून 50 वॅटच्या वर निघतात. इस्त्रीच्या दहापट. ही उष्णता क्षणाक्षणाला उचलून नेली नाही तर चिप काही सेकंदांत तापते.

ती उचलायची पद्धत आपल्या प्रत्येक घरात रोज दिसते. चहा फार गरम असला की आजोबा तो बशीत ओतायचे आणि फुंकर मारायचे. बशीत ओतल्याने चहाला हवा लागायला जागा मिळते, आणि फुंकरीने तापलेली हवा बाजूला होऊन तिथे नवी हवा येते. प्रोसेसरवर बसवलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक ही त्याची बशी. त्याला पातळ पातळ पाती असतात ती एवढ्याचसाठी, की थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग मिळावा. वरचा पंखा ही फुंकर. म्हणजे उष्णतेचा प्रवास असा होतो: चिपमधून झाकणात, झाकणातून थर्मल पेस्ट नावाच्या लेपाच्या पातळ थरात, तिथून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांवरून कॉम्प्युटरच्या पेटीतल्या हवेत, आणि पेटीतून खोलीत. यातली एक कडी जरी अडली तरी मागचं सगळं तापतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पंखा गारवा तयार करत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे असा पंखा कितीही मोठा लावला तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. तो खोलीपेक्षा किती वर राहणार, एवढंच हीटसिंक आणि पंखा ठरवतात. या फरकाला मी तफावत म्हणते. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक तफावत. तेच काम, तीच पेटी असेल तर तफावत वर्षभर साधारण तेवढीच राहते.

काकांकडे त्या दिवशी खोली होती 43 अंश आणि जड काम लावल्यावर प्रोसेसर 100. म्हणजे तफावत किमान 57. हीच तफावत जानेवारीत मांडून बघा. ग्वाल्हेरच्या थंडीत खोली 14 अंश असते, तेव्हा प्रोसेसर होईल 71. अगदी ठीक. कुणाला शंकासुद्धा येणार नाही. म्हणजे बिघाड मेमध्ये झालेलाच नव्हता, तो आधीपासून होता. मेने तो उघड केला, एवढंच. आणि दुकानातल्या एसीत, 25 अंशांच्या खोलीत, तोच प्रोसेसर 82 च्या आसपास निमूट चालला असणार. तिथे दोष दिसणं शक्यच नव्हतं.

100 हा आकडा मी अंदाजाने घेतलेला नाही. या प्रोसेसरला इंटेलने ठरवून दिलेली कमाल मर्यादा 100 अंश आहे. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन 5000 मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरांना ती 90 आहे, 7000 मालिकेत बहुतेकांना 95. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. कमी वेग म्हणजे कमी वीज, कमी वीज म्हणजे कमी उष्णता. याला थ्रॉटलिंग म्हणतात. वापरणाऱ्याला एवढंच जाणवतं, की कॉम्प्युटर अचानक रेंगाळायला लागला. वेग उतरवूनही तापमान चढतच राहिलं तर प्रोसेसर शेवटचा उपाय म्हणून वीज तोडायला लावतो, आणि पडदा काळा होतो. तेव्हा अचानक बंद पडणं हा रोग नसून बचाव आहे. हा बचाव पूर्वी सगळ्यांत नव्हता. 2001 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक काढून दाखवला होता. इंटेलचा पेंटियम फोर मंदावला पण जगला, एएमडीच्या तेव्हाच्या ॲथलॉनमधून मात्र धूर निघाला. आजचे प्रोसेसर असे जळत नाहीत. म्हणून घाबरू नका, पण महिनोन्‌महिने 100 वर चालवतही राहू नका. सतत उष्णतेत चिपमधल्या सूक्ष्म तारा हळूहळू झिजतात, आणि आजूबाजूचे सुटे भागही लवकर म्हातारे होतात.

आता मोजायचं कसं? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किती वापरात आहे ते दिसतं, त्याचं तापमान नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. लिनक्सवाल्यांना एलएम-सेन्सर्स. बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरही, आकडा दिसतो, पण तिथे वीज वाचवायच्या सोयी पूर्ण चालू नसतात, म्हणून तो थोडा चढाच असतो. मोजताना तीन आकडे हवेत: खोलीचं तापमान, काही काम नसताना प्रोसेसर किती, आणि जड काम पंधरा मिनिटं चालल्यावर किती. पुण्या-मुंबईच्या लेखांत "रिकामा असताना 35 ते 45 हवा" असं वाचून इथली माणसं धास्तावतात. 43 अंशांच्या खोलीत 35 कुठून आणणार? इथे रिकाम्या प्रोसेसरने मेमध्ये 52-55 दाखवले तर काही बिघडलेलं नाही. कामावर असताना 85 च्या आत राहिला तर मी निश्चिंत असते. 90 च्या वर टिकून राहिला तर हात लावते.

एक शक्यता आधीच बाजूला काढली पाहिजे. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा तापमान 65-70 च असेल, किंवा पाण्याची मोटर नाहीतर फ्रीज सुरू होतानाच तो बंद पडत असेल, तर प्रोसेसरला दोष देऊ नका. एसएमपीएस, म्हणजे पेटीतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, किंवा घरातला विजेचा दाब तपासा. काकांकडे आकडा डोळ्यांदेखत चढत होता: 88, 94, 100, तिथे थोडा थांबला, वेग 3 गिगाहर्ट्झच्या वरून 1.2 वर उतरला, आणि मग सगळं बंद. शंकेला जागाच उरली नाही.

मग मी पेटीच्या बाजूचा पत्रा काढला आणि तसंच काम पुन्हा लावलं. ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला खर्च शून्य आणि उत्तर स्पष्ट. पत्रा काढल्यावर तापमान आठ-दहा अंश उतरलं, तर दोष पेटीतल्या हवेच्या ये-जा करण्यात आहे. काही फारसा फरक पडला नाही, तर दोष हीटसिंकच्या पात्यांवर, नाहीतर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये आहे. काकांकडे बंद पडायला दहाऐवजी तेरा मिनिटं लागली, बस. म्हणजे हवा थोडीफार कोंडलेली होती, पण मुख्य दोष आत खोल होता.

हवेचं आधी सांगते. काकांची पेटी टेबलाच्या खालच्या कप्प्यात, तीन बाजूंनी लाकडात बंद होती. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात साठायची आणि पुढून तीच आत जायची. जुन्या वाड्यांत छताजवळ रोशनदान ठेवत, ते कशासाठी? गरम हवा वर जाते, तिला वरून वाट हवी, आणि खालून थंड हवा आत यायला हवी. कॉम्प्युटरच्या पेटीचं शास्त्र हेच आहे. पुढच्या पंख्याने हवा आत घ्यायची, मागच्या वरच्या पंख्याने बाहेर टाकायची. पंखा कुठल्या दिशेला हवा फेकतो हे ओळखणं सोपं आहे: ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा निघते. दोन्ही पंखे आत फेकणारे बसवलेल्या पेट्या मी पाहिल्या आहेत. भिंतीपासून वीतभर अंतर, कप्प्यातून बाहेर, आणि जमिनीवर न ठेवता बुटक्या पाटावर, एवढं केलं तरी पुष्कळ होतं. जमिनीवरची पेटी झाडू मारताना उडणारी सगळी धूळ ओढते.

आणि धूळ आमच्याकडे भरपूर. एप्रिल-मेत आंधी येते तेव्हा दारं-खिडक्या लावूनही ताटावर रेतीचा थर बसतो. पंखा काढला तर हीटसिंकच्या पात्यांवर करड्या रंगाची गादीच होती, वाकळेसारखी. नखाने एका कोपऱ्यातून उचलली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. पंखा जोरात फिरत होता, आवाजही करत होता, पण हवा पात्यांपर्यंत पोचतच नव्हती.

साफ करताना घाई नको. वायर काढा, पेटीचं बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि पेटी अंगणात किंवा गच्चीवर न्या. ब्लोअर मारण्याआधी प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते ती मदरबोर्डकडे जाते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. रंगाचा कोरडा मऊ ब्रश पुरतो. ओलं फडकं अजिबात नको.

धूळ काढल्यावर काम लावलं. दुपारचे चार. यावेळी तापमान 97 वर थांबलं. बंद पडला नाही, काकांचा चेहरा खुलला. पण खोली 43, म्हणजे तफावत अजून 54. स्वच्छ हीटसिंकला ही फार जास्त आहे. म्हणून मी मोबाइलचा दिवा आत धरून हीटसिंकचे चारही पाय पाहिले.

इंटेलच्या या हीटसिंकला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या काळ्या खिळ्या असतात. त्या वरून दाबून मदरबोर्डच्या भोकांत बसवायच्या, टकटक असा आवाज येतो. तीन बसलेल्या होत्या. चौथी, एसएमपीएसच्या बाजूची, भोकातून निसटून दोन-तीन मिलिमीटर वर आली होती. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा पेटी एका खोलीतून दुसरीकडे नेली होती, तेव्हाच बहुधा धक्का बसला. हीटसिंक एका कोपऱ्यातून किंचित उचललेला होता. डोळ्यांना दिसेल एवढासुद्धा नाही, पण उष्णतेला तेवढं पुरतं.

बूड वाकडं झालेलं पातेलं कॉइलच्या सपाट शेगडीवर ठेवलं की कसं होतं? शेगडी लाल, पातेलं दोन-तीन ठिकाणीच टेकलेलं, आणि दूध तापता तापत नाही. मधल्या फटीत हवा आहे आणि हवा उष्णता फार वाईट वाहून नेते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हजारो पटींनी वाईट. अगदी गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे राहतात. थर्मल पेस्ट हे खळगे भरते. पेस्ट धातूइतकी चांगली वाहक मुळीच नसते, पण हवेच्या शंभरपटीने बरी. म्हणून ती जाड थापायची वस्तू नाही. धातूला धातू जिथे टेकतोय तिथे टेकू द्यायचा आणि उरलेल्या फटींत पेस्ट, एवढंच तिचं काम. काकांची पेस्ट सहा-सात वर्षांची, वाळून भिंतीच्या चुन्यासारखी झाली होती. बोट लावलं की भुकटी.

हीटसिंक काढताना खिळ्यांची डोकी त्यांच्यावर कोरलेल्या बाणाच्या दिशेने फिरवायची, मग वर ओढायची. एएमडीच्या एएम-फोर प्रकारात जास्त जपावं लागतं. तिथे वाळलेली पेस्ट प्रोसेसरलाच चिकटवून धरते, आणि सरळ ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून, म्हणजे तो बसतो त्या खाचेतून, उपटून येतो, त्याच्या पिना वाकतात. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करून वायर काढा, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, धागे न सोडणाऱ्या कापडाने. नवी पेस्ट झाकणाच्या मधोमध मटाराच्या दाण्याएवढी. पसरवू नका, हीटसिंकचा दाब तिला सारखी पसरवतो. मग खिळ्या समोरासमोरच्या तिरक्या जोडीने दाबायच्या, एका बाजूच्या दोन्ही आधी दाबल्या तर हीटसिंक कलतो. शेवटी मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बघून चारही टोकं पूर्ण बाहेर आली आहेत याची खात्री करायची. आणि पंख्याची वायर परत जोडायची. ही विसरणारे पुष्कळ असतात.

पेस्टऐवजी टूथपेस्ट लावा, असं अजूनही काही जण सांगतात. कृपा करून लावू नका. पहिले काही तास ती चालते, कारण तिच्यात पाणी असतं. पाणी उडालं की मागे खडू उरतो. खऱ्या पेस्टची छोटी नळी दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि चार-पाच वेळा पुरते.

त्यानंतर प्रोसेसर 81 वर स्थिर झाला. तफावत 38.

काकांनी विचारलं, "मग तो पाण्याने गार करायचा कूलर बसवून घेऊ का? दुकानात सांगत होते." मी नको म्हटलं. 65 वॅटच्या प्रोसेसरला पाण्याच्या नळ्या लावणं म्हणजे विनाकारण खर्च, आणि तोही शेवटी खोलीच्याच हवेत उष्णता सोडतो, 43 च्या खाली जात नाही. जड काम करणारा दीड-दोनशे वॅटचा प्रोसेसर असेल तर गोष्ट वेगळी. फार तर तांब्याच्या नळ्यांचा उभा हीटसिंक घ्यावा.

त्यापेक्षा एक बिनखर्ची उपाय करून दिला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आहे, तिथे कमाल मर्यादा 100 टक्क्यांवरून 99 वर आणली. एका टक्क्याने काय होणार असं वाटेल, पण बहुतेक इंटेल प्रोसेसरांवर यामुळे टर्बो, म्हणजे नेहमीच्या वेगावर मारलेली उडी, बंद होते. त्या उडीसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थोडा वेग सोडला की उष्णता त्याहून बरीच कमी होते. काकांच्या मशीनवर आणखी पाच अंश उतरले आणि खरखर काढायला तासाला सहा-सात मिनिटं जास्त लागायला लागली. ते म्हणाले, मला कुठे गाडी पकडायची आहे. मेपुरतं 99 ठेवायचं, दसऱ्याला परत 100.

राहिला आपला नेहमीचा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा. कोरड्या लूमध्ये तो खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो, आणि तफावतीच्या हिशेबाने प्रोसेसरही तितकाच उतरतो. याच्याइतका मोठा फायदा दुसऱ्या कशात नाही. फक्त त्याचा झोत सरळ पेटीवर घेऊ नका. झोताबरोबर येणारे बारीक तुषार आत जातात, त्यातले क्षार मदरबोर्डवर पांढरे डाग सोडतात आणि ओली धूळ पात्यांवर चिखलासारखी घट्ट बसते. कूलर खोलीच्या एका टोकाला, पेटी दुसऱ्या, आणि मध्ये एक खिडकी उघडी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि कूलरचाही उपयोग संपतो.

काकांनी कालनिर्णयच्या मेच्या पानामागे पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: खोली 43, रिकामा 54, कामावर 81, टर्बो बंद 76. पुढच्या मेमध्ये खोली 45 असेल आणि टर्बो चालू असताना कामावर 83 दिसले, तर तफावत तीच, पेटी उघडायची गरज नाही. 90 च्या वर दिसले, तर आधी धूळ, मग चार खिळ्या, मग पेस्ट, याच क्रमाने.